रागावते वऱ्हाडीत, शाबासकी पुस्तकातली

मधल्या सुट्टीत हापशीच्या ओट्यावर पोरींचा शाळा-शाळा खेळ चालला होता. दुसरीतली एक मॅडम झाली होती. हातात निंबाची काडी, खांद्यावर पदर म्हणून कोणाचा तरी टॉवेल. मी खिडकीच्या आत वह्या तपासत बसले होते, तिला दिसत नव्हते. समोरच्या मुलीची पाटी हातात घेऊन ती म्हणाली, "शाब्बास बाळा! किती सुंदर अक्षर काढलंस!" अगदी माझ्या आवाजात, 'सुंदर'वर माझाच जोर देऊन. मग शेजारी बसलेल्या स्वतःच्या धाकट्या भावाकडे वळली आणि काडी ओट्यावर आपटली. "आन् तू बे? डोये फुटले काय? कितीक येळा सांगतलं तुले, रेघीवर लिव म्हून!"

आधी हसू आलं. वह्या बाजूला ठेवून बाहेर येईपर्यंत ते गेलं होतं. मॅडम एकच, भाषा दोन, आणि कोणती कधी काढायची हे त्या सात वर्षांच्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. तिला हे कुठून कळलं, ते विचारायची सोय नव्हती. तरी मी मनातल्या मनात वाद घातलाच. 'बे' मी वर्गात म्हणत नाही. म्हणत असले तर क्वचित.

माझी शाळा अकोट तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. आभाळ स्वच्छ असलं की वर्गातून नरनाळ्याचा डोंगर दिसतो. त्या वर्षी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत प्रत्येकाला कृतिसंशोधनाचा, म्हणजे स्वतःच्याच वर्गातल्या अडचणीवर करायच्या अभ्यासाचा, विषय द्यायचा होता. मी 'हस्ताक्षर सुधार' लिहून ठेवला होता, कारण तो सगळेच लिहितात आणि मागच्या वर्षीची फाईल कोणाकडे तरी असतेच. शाळा-शाळा बघितल्यावर तो खोडला. नवा विषय सुबक मांडायला दोन दिवस लागले, पण मनातला साधा प्रश्न असा होता: मी वर्गात नेमकी कोणती मराठी बोलते, आणि कधी?

हा प्रश्न मला टोचायला कारण होतं. ते जुनं आहे.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. बारावीनंतर डी.एड.साठी पुण्यात नंबर लागला आणि दोन वर्षं वसतिगृहात राहिले. पहिल्याच महिन्यात जिन्यावरून पडले, गुडघा सुजला. वॉर्डनबाईंना जाऊन सांगितलं, "मॅडम, माझा टोंगळा दुखून राहिला." त्यांना वाटलं टोंगळा हा एखादा कीटक किंवा जनावर असावं. खोलीतल्या मुलींना ते कळलं, आणि पुढे वर्षभर कोणी लंगडताना दिसलं की "हिचा टोंगळा बघा" सुरू व्हायचं. 'राहिला'वरून वेगळं. "येऊन राहिली, जाऊन राहिली, मग तू राहतेस तरी कुठे?" ह्या प्रश्नावर सगळ्या खिदळायच्या, मीही खिदळायचे. 'मी गेली होती' म्हटलं की 'गेले होते' अशी दुरुस्ती व्हायची. गंमत म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांत एक कोल्हापूरची होती, जी स्वतः "मी येतो, मी जातो" म्हणायची. पण तिच्या बोलण्याला रांगडं, गोड वगैरे म्हणत. माझ्या बोलण्याला नुसतं हसत. आमच्यातही उतरंड होती, आणि ती कोणी ठरवली ते अजून कळलेलं नाही.

खरा घाव सराव पाठाच्या वेळी बसला. पेठेतल्या एका शाळेत चौथीवर पाठ घेतला. फळा चांगला, साधनं चांगली, वेळेत संपवला. निरीक्षण वहीत लाल शाईनं शेरा आला: 'उच्चार ग्रामीण. ण व ळ कडे लक्ष द्यावे.' मी लक्ष दिलं. रात्री गच्चीवर जाऊन 'बाळ, काळ, पाणी, लोणी' घोकायचे. 'काऊन'चं 'का' केलं, 'मले'चं 'मला' केलं, 'हाव'चं 'हो' केलं. दुसऱ्या वर्षी बसमध्ये एका आजींनी विचारलं, "सदाशिवातली का तू?" त्या दिवशी मी आईसक्रीम खाल्लं होतं. खोटं कशाला सांगू.

त्याच काळात मराठीच्या तासाला आद्य गद्यग्रंथ म्हणून लीळाचरित्र शिकवला गेला. तेरावं शतक, म्हाइंभट, रिद्धपूर. मी परीक्षेपुरतं पाठ केलं. ते रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं, माझ्या मामाच्या गावाहून सायकलनं जाता येईल इतकं जवळचं, हे त्या तासाला सरांनीही सांगितलं नाही आणि मलाही बोलावंसं वाटलं नाही. पुढे कळलं, की हा ग्रंथ ज्यांचा, त्या महानुभाव पंथाचे पंडित केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा पंथाचे प्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं होतं: "येणें माझिया म्हातारिया नागवतील." म्हणजे संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायांना काही कळायचं नाही, त्या लुबाडल्या जातील. लाल शाईचा शेरा ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी हे वाक्य माहीत असतं, तर निदान रडताना तरी जरा ताठ बसले असते.

तर कृतिसंशोधन. पद्धत साधी ठेवली. मुख्याध्यापकांना विचारलं, पालकसभेत सांगितलं की मी माझाच आवाज भरून घेणार आहे, पोरांची तपासणी नाही. मोबाईल एका पिशवीत घालून खिडकीच्या गजाला अडकवला. पहिल्या दिवशी पोरं पिशवीशी बोलायला लागली, म्हणून ती नोंद बाद. तिसऱ्या दिवसापर्यंत पिशवी भिंतीइतकी जुनी झाली. रोज एक तासिका, तीन आठवडे. संध्याकाळी भाकरी टाकताना कानात हेडफोन घालून ऐकायचं आणि जेवणं झाल्यावर वहीत रकाने भरायचे.

रकाने पाडणं हेच पहिलं कठीण काम निघालं. वऱ्हाडी कशाला म्हणायचं? मी खुणा ठरवल्या: 'मला'ऐवजी 'मले', 'करतोस'ऐवजी 'करून राहिला', 'तो'ऐवजी 'थो', 'ळ'चा 'य', 'ण'चा 'न', 'काऊन', 'कुठी'. ह्यांतलं काही आलं की वऱ्हाडी, नाही आलं की पुस्तकी. पहिल्याच ध्वनिफितीत ही विभागणी कोसळली. मीच बोलत होते: "बाळांनो, पुस्तकं काढा, पान क्रमांक बारा, आन् तू कुठी पाहून राहिला?" एकाच श्वासात निघाले पुण्याहून, पोचले दर्यापुरात. म्हणून तिसरा रकाना पाडला, त्याला 'मधलं' नाव दिलं. आडवे रकाने होते कामाचे: सूचना, प्रश्न, स्पष्टीकरण, गोष्ट, कौतुक, रागावणं.

स्वतःचा आवाज ऐकणं हे काही सुखाचं काम नाही. मला वाटत होतं त्यापेक्षा मी जास्त बोलते, भराभर बोलते, आणि प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघता उत्तर देऊन मोकळी होते. पण ते बाजूला. तीन आठवड्यांनी वही समोर घेतली तेव्हा हापशीवरच्या मॅडमचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. रागावण्याच्या ओळीत वऱ्हाडीचा रकाना रेघांनी गच्च भरलेला. 'बे' होता. एकदा नाही, बऱ्याचदा. कौतुकाच्या ओळीत पुस्तकीचा रकाना भरलेला आणि वऱ्हाडीत फक्त दोन रेघा, त्यातली एक मी सरांच्या नव्या मोटारसायकलला दिलेली. सूचना बहुतेक पुस्तकी, पण दुसऱ्यांदा द्यावी लागली की 'मधलं', तिसऱ्यांदा वऱ्हाडी. म्हणजे पोरांचा पाराच होता तो. मॅडमचा 'ण' पातळ झाला की समजायचं, आता काडी येणार.

ह्याचा अर्थ असा, की ही पोरं घरी जी भाषा दिवसभर ऐकतात, ती माझ्या तोंडून त्यांना फक्त रागात ऐकू येत होती. त्यांच्या आईची भाषा माझ्याकडे होती, पण मी ती छडीसारखी वापरत होते. पुण्याला नावं ठेवायला मला जागाच राहिली नाही.

मग ठरवलं की उलटं करून बघायचं. कौतुक वऱ्हाडीत, रागावणं पुस्तकात. सोमवारी एका पोरानं दहापर्यंत उजळणी न अडखळता म्हटली. मी त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "वा रे वा! भल्लं मस्त म्हटलं रे तुनं!"

वर्ग गप्प झाला. तो पोरगा माझ्या हाताखाली आक्रसला. मागच्या एकानं घाईघाईनं पाटी पुसली. वऱ्हाडी ऐकल्याबरोबर सगळ्यांनी धरलं, की मॅडम तापल्या. ती ध्वनिफीत आजही माझ्याकडे आहे. 'तुनं'नंतर सात-आठ सेकंद फक्त पंख्याची किरकिर आहे. रागावण्याचं तर विचारूच नका. "मला तुझं हे वागणं अजिबात आवडलेलं नाही" असं मी शांतपणे, नीट 'ण'सकट म्हटल्यावर समोरचा पोरगा खुशीत म्हणाला, "हाव मॅडम," आणि तेच करत राहिला.

आठवडाभर मी चिकाटी धरली. पण दुसरीच अडचण वर आली. माझ्याकडे वऱ्हाडीत कौतुकाचे शब्दच नव्हते. 'भल्लं मस्त' झालं, 'लय बेस' झालं, पुढे? आठवून बघितलं, माझ्या मायनं माझं तोंडावर कधी कौतुक केलं होतं? दहावीला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा ती चुलीपाशी होती. म्हणाली, "झाली काय पास? आता मोठी शायनी झाली तं. हात धू अन् बस जेवाले." आणि त्या दिवशी वरणात तूप जास्त होतं. शेजारणीपाशी मात्र तिनं तासभर माझं गुणगान केलं असणार, कारण शेजारीण मला पेढा मागायला आली. तोंडावर वाखाणलं तर दृष्ट लागते, म्हणून कौतुक पाठीमागे करायचं, आणि तोंडावर केलंच तर शिवीचे कपडे घालून. एक आजी नातवाला सोडायला शाळेत येते. त्याची वही बघून म्हणाली, "लिवलं वाटते मसन्यानं!" आणि तो मसन्या असा काही फुलला, की माझ्या वर्षभराच्या शाब्बास-खूप-छानांनी फुलला नव्हता.

तेव्हा लक्षात आलं की मी नुसता भाषेचा रकाना बदलून चूक दुरुस्त करायला निघाले होते. "खूप छान, बाळा" हे वाक्य वऱ्हाडीत उलथवून आणलं तरी ते वऱ्हाडी होत नाही, कारण त्या घरांत तसं कोणी बोलतच नाही. ती शाळेची रीत आहे. घरच्या रितीत प्रेम रागाच्या चालीवर गायलं जातं आणि पोरांना चाल ओळखता येते. माझ्या रागात आणि आजीच्या रागात शब्द तेच होते, चाल वेगळी होती. मसन्या म्हणायचा हक्क आजीला आहे, मला नाही. मी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला असता, आणि बरोबर आला असता.

बाप तसाही आला. पालकसभेत मी उत्साहानं सांगत होते की मी पहिलीच्या मुलांशी त्यांच्या बोलीत जास्त बोलणार आहे. एक जण मागून उठले. स्वच्छ टोपी, हात जोडलेले. "मॅडम, वराडी तं आमच्या घरची हाय. फुकटात भेटते. तुमी पुस्तकाची शिकवा ना. माहं पोरगं उद्या पुन्याले गेलं तं लोकं हासले नाई पाह्यजे त्याले." मला पुढचं बोलणं सुचलं नाही. गच्चीवर घोकलेलं 'बाळ, काळ, पाणी, लोणी' आठवलं. त्यांना कसं सांगणार, की हसतातच, आणि त्याचा उपाय पोरानं बदलणं हा असू नये? आणि उपाय तो नसेल, तर मी स्वतः काय केलं होतं? सभा पोषण आहाराच्या तांदळावर गेली आणि मी सुटले.

त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. पुस्तकी मराठी मुलांना आलीच पाहिजे, ती त्यांच्या हक्काची आहे, आणि ती शाळेशिवाय त्यांना कुठे मिळणार नाही. फक्त ती येण्याची वाट कुठून जाते, एवढाच माझा वाद. दुसरीतल्या एका मुलानं निबंधात लिहिलं होतं: 'माझा पाळ दुखतो म्हणून मी शाळेत आलो नाही.' सर हसले. मी त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. ह्या पोरानं कोणी न शिकवता एक नियम शोधला होता, की घरच्या 'य'च्या जागी शाळेत 'ळ' असतो. डोया, डोळा. काया, काळा. शाया, शाळा. मग पाय म्हणजे पाळच असणार. इतका विचार करणाऱ्या पोराला लाल रेघ मारण्यापेक्षा, कुठे 'य' खरंच 'य' आहे एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्याचे दोन भाग केले, 'घरी' आणि 'पुस्तकात', आणि पोरं शब्द ओरडत गेली. 'केय' घरी, 'केळ' पुस्तकात. 'पानी' घरी, 'पाणी' पुस्तकात. 'गाय'? थांबले सगळे. गाय दोन्हीकडे गायच! हा शोध लागल्यावर वर्गात जो गोंगाट झाला, त्याला मी कोणत्याच भाषेत रागावले नाही. पाळवाला पोरगा तर दिवसभर सापडेल त्या शब्दाची दोन्हीकडे खातरजमा करत फिरत होता.

एक छोटी गोष्ट राहिली. 'आपण'. "आता आपण पाच ओळी लिहूया," हे मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मोजलं आणि मोजणं सोडून दिलं. हा शिक्षकी 'आपण' डी.एड.ला मिळतो, पदविकेसोबत. पहिलीतला एक मुलगा पेन्सिल घेऊन माझ्याकडे बघत बसायचा. मला वाटायचं आळशी आहे. एकदा विचारलं तर म्हणाला, "तुमी लिवा ना पयले." आपण म्हणजे आपण सगळे, मॅडमसुद्धा. तो माझी वाट बघत होता. घरी त्याला कोणी "आपण आंघोळ करूया" म्हणत नाही, "जाय आंघोय कर" म्हणतात, त्यात संशयाला जागा नसते.

आणि ह्या सगळ्या रकान्यांत एका मुलीचा आवाज कुठेच नव्हता.

दिवाळीनंतर ती वर्गात आली होती. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर तिचे आईबाप कामाला, मूळ धारणी तालुक्यातले, कोरकू. मी पुस्तकी बोलले तरी ती गप्प, वऱ्हाडी बोलले तरी गप्प. माझ्या संशोधनाचा सगळा आनंद, बोलीतून विचारलं की पोरं बोलतात हा, तिच्यापाशी येऊन थांबत होता. शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून लिहिलेलं आहे, की शिकवण्याचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी. आमची शाळा मराठी माध्यमाची, मुलं महाराष्ट्रातली, म्हणजे झालं, असं सगळे धरून चालतात. मीही धरलं होतं. पण कोरकू ही मराठीची कोणीच लागत नाही, हिंदीचीही नाही. तिची भावकी मुंडारी, संथाली, पार झारखंडाकडची. वऱ्हाडी माझ्यासाठी घर होतं, तिच्यासाठी ती आणखी एक परकी भाषा होती. त्यातही रागाची, कारण भट्टीवरचा मुकादम तीच बोलत असणार.

माझी एक मैत्रीण धारणीकडे शिक्षिका आहे. तिला फोन लावला. तिनं सांगितलं, कोरकूत 'आपण' आणि 'आम्ही' असा फरक आहे, आपल्या मराठीसारखाच, आणि त्यावर दोघांसाठी वेगळं, पुष्कळांसाठी वेगळं. म्हणजे 'आपण'च्या बाबतीत ही गप्प बसणारी मुलगी आमच्या सगळ्यांच्या दोन पावलं पुढे होती. मैत्रिणीनं काही शब्दही दिले, मी तळहातावर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या माठाकडे बोट करून तिला विचारलं, "डा?"

तिनं तोंडावर हात धरला आणि हसली. माझ्या उच्चाराला हसलेलं ऐकायची आयुष्यातली ही दुसरी खेप. मग तिनं तो शब्द तीनदा म्हणून दाखवला. तीनही वेळा मला माझ्या आणि तिच्यात काहीच फरक ऐकू आला नाही, आणि तीनही वेळा तिनं मान हलवली, की नाही, जमलं नाही. त्या दिवसाची ध्वनिफीत मी वहीत कोणत्याच रकान्यात बसवू शकले नाही. पुढे ती फार बोलली असं नाही. पण आकडे शिकवताना मी "एक" म्हटलं की ती पुटपुटायची "मिया", "दोन" म्हटलं की "बारी". शेजारच्या पोरींनी ते उचललं.

मार्चमध्ये अहवाल लिहायला बसले. तो कसा लिहायचा हे ठरलेलंच असतं. 'सदर संशोधनातून असे निदर्शनास आले की' ह्यानं सुरुवात करायची. माझी वही सगळी 'केलं, सांगितलं, वाटलं'ची. ती 'केले, सांगितले, वाटले' करत बसले. मराठी लेखनाच्या नियमांत हे स्पष्ट आहे. १९६२ला साहित्य महामंडळानं चौदा नियम केले, १९७२ला चार वाढवले, आणि त्यातला एक म्हणतो की पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं घालायची असतील तर अनुस्वार द्यावा, असं केलं, मी म्हटलं. एरवी एकारान्त लिहावं. म्हणजे अनुस्वारासकट बोलायचा हक्क फक्त पात्राला. अहवालात मी पात्र नव्हते, 'संशोधक' होते, त्यामुळे माझ्या डोक्यावरची टिंबं एकेक करून पुसली. आणि 'डोये फुटले काय' हे वाक्य परिशिष्टात टाकताना त्याला 'नकारात्मक प्रबलन' असं नाव दिलं. मायला वाचून दाखवलं असतं तर तिनं विचारलं असतं, हे कोन्या रोगाचं नाव हाय?

अहवाल वर गेला. शेरा आला, लाल शाईतच: 'विषय चांगला. तथापि शिक्षकाने अध्यापनात प्रमाणभाषेचाच वापर करावा.' ज्यांनी तो लिहिला ते त्याच बैठकीत चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काऊन मॅडम, चाय घेऊन नाई राहिल्या?" मी चहा घेतला. चांगला होता, साखर जरा जास्त. त्यांचा राग आला नाही. ते मला माझ्यासारखेच वाटले, चहाला एक आणि वहीला दुसरी.

आता मी काय करते? पुस्तक वाचताना पुस्तकासारखी बोलते. गोष्ट सांगताना मात्र जमेल तितकी वऱ्हाडी. उंदराच्या टोपीची गोष्ट आधी पुस्तकीत सांगितली होती तेव्हा "मग उंदराने काय केले?" ह्यावर उत्तर यायचं, "टोपी." वऱ्हाडीत सांगितली तर शिंपी, धोबी, शिपाई सगळे वर्गात उभे राहिले, आणि शिंप्यानं उंदराला उधारीसुद्धा मागितली, जी मूळ गोष्टीत नाही. रागावणं थांबलेलं नाही, आणि वऱ्हाडीतून बाहेर काढताही आलेलं नाही. राग आला की जीभ दर्यापूरलाच जाते. पण एक झालं. आता वऱ्हाडी ऐकून पोरं लगेच आक्रसत नाहीत, आधी माझ्या तोंडाकडे बघतात, की ही गोष्ट आहे का गंमत आहे का खरंच तापल्या. एवढा संशय निर्माण करायला मला दीड वर्ष लागलं.

कोरकू मुलगी होळीच्या आधी आईबापांबरोबर मेळघाटात गेली. तिथला सगळ्यांत मोठा सण तो. होळीनंतर ते बिऱ्हाड आमच्या भट्टीवर परत आलं नाही. हजेरीपटावर नाव आहे, पुढे रिकाम्या चौकटी. मैत्रिणीकडे चौकशी केली, अजून पत्ता नाही. हापशीच्या ओट्यावर राज्य कोणावर ते ठरवताना पोरी अजूनही मोजतात: मिया, बारी, आफई. चौथा त्यांना नीट येत नाही, उफूनचं काहीतरी भलतंच करतात. मोनोईवर ज्याच्याकडे बोट येतं, तो राज्य घेतो.